शस्त्रक्रियेत शरीरात राहिलेल्या वस्तू

शस्त्रक्रियेत शरीरात राहिलेल्या वस्तू म्हणजे शस्त्रक्रिया, प्रसूती किंवा तत्सम वैद्यकीय प्रक्रियेत वापरलेली आणि प्रक्रिया संपताना बाहेर काढणे आवश्यक असूनही अनवधानाने रुग्णाच्या शरीरात राहून गेलेली साधने होत. यांत कापडी मॉप, गॉज, कापसाचा बोळा, सुई, चिमटा, कात्री, तसेच नळ्या व तारांचे तुटलेले तुकडे यांचा समावेश होतो. मॉप आणि गॉज यांसारख्या कापडी वस्तूंचे प्रमाण सर्वाधिक आढळते. अशा वस्तूमुळे काही दिवसांतच तीव्र जंतुसंसर्ग होऊ शकतो, किंवा ती वस्तू अनेक वर्षे कोणतेही ठळक लक्षण न देता शरीरात राहू शकते.

ही गुंतागुंत दुर्मीळ असली तरी ती बहुतांशी टाळता येण्याजोगी मानली जाते. त्यामुळे अनेक देशांच्या आरोग्यव्यवस्थांनी तिची गणना 'कधीही घडू नयेत' अशा घटनांमध्ये केली आहे. भारतात या विषयावरील महत्त्वाच्या न्यायनिर्णयांपैकी एक, अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९९६), मराठवाड्यातील औरंगाबाद येथील शासकीय रुग्णालयात घडलेल्या घटनेतून उद्भवला.

संज्ञा

शरीरात राहिलेल्या कापडी वस्तूभोवती तयार होणाऱ्या गाठीला वैद्यकशास्त्रात 'गॉसिपिबोमा' असे म्हणतात. कपाशीच्या लॅटिन नावावरून, म्हणजे 'गॉसिपियम' या शब्दावरून, ही संज्ञा बनली आहे. तिच्या उत्तरार्धाचा संबंध स्वाहिली भाषेतील 'लपण्याची जागा' या अर्थाच्या 'बोमा' या शब्दाशी जोडला जातो. कृत्रिम धाग्यांच्या कापडाचाही समावेश व्हावा म्हणून 'टेक्स्टिलोमा' ही संज्ञाही वापरली जाते. शस्त्रक्रियेनंतर पोटात कापड राहिल्याच्या घटनेची वैद्यकीय साहित्यातील पहिली नोंद १८८४ मध्ये विल्सन यांनी केल्याचे मानले जाते. मराठी वृत्तपत्रांत आणि बोलीभाषेत अशा घटनांचा उल्लेख 'पोटात बोळा राहिला' किंवा 'पोटात कात्री विसरली' असा होतो.

हेतुपुरस्सर ठेवलेल्या वस्तू या व्याख्येत येत नाहीत. कृत्रिम सांधे, हाडांतील पट्ट्या व स्क्रू, हृदयातील झडपा आणि हर्नियाची जाळी ही कायमस्वरूपी रोपणे आहेत. अतिरक्तस्राव थांबवण्यासाठी शल्यचिकित्सक पोटात मॉप दाबून ठेवतो आणि एक-दोन दिवसांनी ते काढतो, तेव्हाही ती चूक नसून उपचाराचा भाग असतो. मात्र ठेवलेल्या मॉपची संख्या कागदोपत्री नोंदवली नाही किंवा रुग्णाला दुसऱ्या रुग्णालयात पाठवताना कळवली नाही, तर याच उपचाराचे रूपांतर गुंतागुंतीत होऊ शकते.

प्रमाण

या घटनांचे नेमके प्रमाण ठरवणे कठीण आहे. काही वस्तू कधीच सापडत नाहीत, तर सापडलेल्या सर्वच घटनांची नोंद होत नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे १ लाख ९१ हजार शस्त्रक्रियांमध्ये अशा ३४ घटना आढळल्या, म्हणजे साधारणतः ५,५०० शस्त्रक्रियांमागे एक. इतर अभ्यासांतील अंदाज याहून कमी-अधिक आहेत. पोट आणि ओटीपोटातील शस्त्रक्रियांनंतर हा प्रकार सर्वाधिक आढळतो. त्याखालोखाल योनिमार्ग आणि छातीची पोकळी यांचा क्रम लागतो.

कारणे आणि जोखीम वाढवणारे घटक

रक्ताने भिजलेला मॉप चुरगळून आतड्यांच्या वेटोळ्यांत गेल्यास आसपासच्या ऊतींपासून वेगळा ओळखू येत नाही. शस्त्रक्रियेत असे अनेक मॉप वापरले जातात. त्यामुळे केवळ डोळ्यांनी पाहून किंवा हाताने चाचपून सर्व वस्तू बाहेर आल्याची खात्री देता येत नाही.

या विषयावर वारंवार उद्धृत होणारा अभ्यास शल्यचिकित्सक अतुल गावंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध केला. गावंडे यांचे पितृकुल यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुक्यातील उटी या गावचे असून हा तालुका नांदेड जिल्ह्याला लागून आहे. या अभ्यासात ५४ रुग्णांच्या शरीरात राहिलेल्या ६१ वस्तूंची तपासणी करण्यात आली. त्यांपैकी ६९ टक्के वस्तू कापडी होत्या आणि ३१ टक्के उपकरणे होती. जोखीम वाढवणारे तीन घटक त्यातून स्पष्ट झाले:

• तातडीची शस्त्रक्रिया: नियोजित शस्त्रक्रियेच्या तुलनेत जोखीम सुमारे नऊपट.
• शस्त्रक्रियेच्या योजनेत ऐनवेळी झालेला बदल: जोखीम सुमारे चौपट.
• रुग्णाची स्थूलता: शरीराचे वजन उंचीच्या मानाने जितके अधिक, तितकी जोखीम अधिक.

ज्या शस्त्रक्रियांमध्ये साधनांची मोजणी झाली होती, त्यांपैकी ८८ टक्के प्रकरणांत मोजणी 'बरोबर' असल्याची नोंद आढळली. मेयो क्लिनिकच्या अभ्यासातही निम्म्याहून अधिक घटनांत मोजणी जुळल्याचे लिहिलेले होते. घाईत केलेली मोजणी, शस्त्रक्रिया चालू असताना झालेली परिचारिकांची पाळीबदल, एकमेकांना चिकटलेले दोन मॉप एकच समजून मोजणे आणि मापासाठी कापलेले गॉजचे तुकडे ही त्यामागची नेहमीची कारणे आहेत. त्यामुळे कागदावर जुळलेली मोजणी हा वस्तू राहिली नसल्याचा निर्णायक पुरावा मानला जात नाही.

मोजणीच्या यादीतच नसलेली वस्तू हे आणखी एक कारण ठरते. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे २०२० मध्ये सिझेरियन झालेल्या एका महिलेच्या पोटात जखमेच्या कडा दूर धरणारे मऊ, वर्तुळाकार साधन राहिले. जेवणाच्या ताटलीएवढे हे साधन साध्या एक्स-रेमध्ये दिसणारे नव्हते आणि मोजणीच्या यादीतही नव्हते. सुमारे १८ महिन्यांनी सीटी स्कॅनमध्ये ते आढळले. त्यावरील शासकीय चौकशीचा अहवाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. वस्तूचा आकार मोठा असला म्हणजे ती राहणार नाही, हा समज या घटनेने खोटा ठरवला.

शरीराची प्रतिक्रिया

कापूस रासायनिकदृष्ट्या निष्क्रिय असतो. शरीर त्याला विरघळवू शकत नाही, परंतु तो परका पदार्थ असल्याचे ओळखते. ही प्रतिक्रिया दोन प्रकारची असते.

पहिल्या प्रकारात कापडाबरोबर जंतूंचाही शिरकाव झालेला असतो. वस्तूभोवती पू साचतो, गळू तयार होते आणि शरीर ती वस्तू बाहेर टाकण्याचा प्रयत्न करते. याची लक्षणे सहसा पहिल्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत दिसतात. दुसऱ्या प्रकारात जंतुसंसर्ग नसतो. वस्तूभोवती तंतुमय आवरण तयार होऊन ती त्यात बंदिस्त होते आणि कालांतराने या आवरणात कॅल्शियम साचू शकते. हा रुग्ण महिने किंवा वर्षे लक्षणांविना राहू शकतो. गाठ अनेकदा दुसऱ्याच आजाराच्या तपासणीत सापडते.

लक्षणे आणि गुंतागुंत

सुरुवातीच्या काळात ताप, न थांबणारी पोटदुखी, पोट फुगणे, उलट्या, टाक्यांच्या जागेतून सतत स्राव येणे आणि अपेक्षेप्रमाणे प्रकृती न सुधारणे ही लक्षणे आढळतात. यांपैकी कोणतेही लक्षण केवळ याच गुंतागुंतीचे नसते. शस्त्रक्रियेनंतरच्या साध्या जंतुसंसर्गातही ती दिसतात. म्हणूनच निदानाला उशीर होतो.

प्रमुख गुंतागुंती पुढीलप्रमाणे आहेत:

• गळू, उदरावरणदाह आणि सेप्सिस: पोटाच्या आतील आवरणाला सूज येऊन जंतुसंसर्ग रक्तात पसरू शकतो. तातडीने उपचार न झाल्यास मृत्यू ओढवतो.
• आतड्यातील अडथळा: कापडाभोवती आतड्याची वेटोळी चिकटून आतडे पिळवटते किंवा बंद होते.
• स्थलांतर: कापडाच्या दाबाने आतड्याची भिंत हळूहळू झिजते आणि कापड आतड्याच्या पोकळीत शिरते. लहान व मोठे आतडे जेथे जोडलेले असते, त्या अरुंद भागात ते सहसा अडकते. जठर, मूत्राशय व योनिमार्ग यांतही असे स्थलांतर झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. क्वचित प्रसंगी कापड शौचावाटे आपोआप बाहेर पडते.
• फिस्टुला: आतडे आणि त्वचा, किंवा आतडे आणि मूत्राशय यांच्यात अनैसर्गिक मार्ग तयार होऊन त्यातून विष्ठा वा पू वाहू लागतो.
• रक्तस्राव व छिद्र: धातूच्या उपकरणाचे टोक किंवा सुई जवळच्या अवयवात वा रक्तवाहिनीत रुतू शकते.

दीर्घकाळ राहिलेली वस्तू काढताना आतड्याचा भागही काढावा लागू शकतो. याखेरीज वारंवार रुग्णालयात जाणे, चुकीच्या निदानावर चाललेली औषधे, बुडालेली मजुरी आणि डॉक्टरांवरील विश्वास उडणे हे परिणाम रुग्ण व त्याच्या कुटुंबाला सोसावे लागतात.

निदान

निदानातील सर्वांत महत्त्वाचा दुवा म्हणजे पूर्वीच्या शस्त्रक्रियेची माहिती. ती नसल्यास तपासणाऱ्या डॉक्टरच्या मनात ही शंका येत नाही. भारतात पोटातील अशा गाठीला आतड्याचा क्षयरोग, कर्करोग, हायडॅटिड गाठ किंवा अंडाशयाची गाठ समजले जाण्याची शक्यता असते.

• एक्स-रे: शस्त्रक्रियेसाठी बनवलेल्या प्रमाणित मॉपमध्ये बेरियम सल्फेटयुक्त धागा किंवा पट्टी विणलेली असते. एक्स-रेमध्ये ती पांढऱ्या, वळलेल्या रेषेसारखी दिसते. अशी पट्टी नसलेले साधे कापड मात्र दिसत नाही. अत्यंत लहान सुयाही सुटू शकतात.
• सोनोग्राफी: तेजस्वी, नागमोडी कड आणि तिच्यामागे पडलेली गडद सावली हे वैशिष्ट्यपूर्ण चित्र असते.
• सीटी स्कॅन: ही सर्वांत उपयुक्त तपासणी मानली जाते. आवरण असलेल्या गाठीत स्पंजासारखी जाळी आणि हवेचे बुडबुडे दिसतात.
• एमआरआय: कापडातील बेरियमची पट्टी यात ओळखू येत नाही. शरीरात धातूची वस्तू असल्याची शंका असल्यास प्रबळ चुंबकीय क्षेत्रामुळे ही तपासणी धोकादायक ठरू शकते.

उपचार

वस्तू बाहेर काढणे हाच मुख्य उपचार आहे. पहिल्या काही दिवसांत निदान झाल्यास जुन्याच जखमेतून किंवा दुर्बिणीद्वारे वस्तू काढता येते. उशीर झाल्यास ऊती घट्ट चिकटतात आणि शस्त्रक्रिया अवघड होते. आतड्याच्या पोकळीत शिरलेले कापड काही वेळा एंडोस्कोपीने काढले जाते. जंतुसंसर्ग असल्यास प्रतिजैविके दिली जातात आणि पू बाहेर काढला जातो. मात्र वस्तू आत असेपर्यंत केवळ औषधांनी संसर्ग पूर्णपणे बरा होत नाही. अतिशय लहान, एका जागी स्थिर आणि त्रास न देणारी सुई काढण्यातील धोका ती ठेवण्यातील धोक्यापेक्षा अधिक असल्यास, रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन ती तशीच ठेवण्याचा निर्णय घेतला जाऊ शकतो.

प्रतिबंध

प्रतिबंधाचा पाया मोजणी हाच आहे. शस्त्रक्रिया सुरू होण्यापूर्वी, गर्भाशयासारखा पोकळ अवयव किंवा शरीराची पोकळी शिवण्यापूर्वी आणि त्वचेचे टाके घालताना मोजणी केली जाते. परिचारिका बदलल्यासही मोजणी पुन्हा करणे अपेक्षित असते. निर्जंतुक साधने हाताळणारी आणि बाहेरची कामे पाहणारी अशा दोन परिचारिका एकत्र, मोठ्याने आणि प्रत्येक वस्तू वेगळी करून मोजतात. आकडे सर्वांना दिसतील अशा फलकावर लिहिले जातात. मॉप ठरावीक संख्येच्या गठ्ठ्यांत पुरवणे, शस्त्रक्रियेच्या पोकळीत केवळ बेरियमची पट्टी असलेलेच मॉप वापरणे आणि गॉज न कापणे हे नियम मोजणीतील चूक कमी करतात. मोजणी न जुळल्यास जखम पुन्हा तपासली जाते. त्यानंतरही वस्तू न सापडल्यास शस्त्रक्रियागृहातच एक्स-रे काढला जातो. काही देशांत बारकोड किंवा रेडिओलहरींद्वारे ओळखता येणारे मॉप वापरले जातात. त्यांचा खर्च अधिक असून ते मोजणीला पर्याय नसून पूरक आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये सुरक्षित शस्त्रक्रियेची तपासणी-सूची प्रसिद्ध केली. तिची निर्मिती गावंडे यांच्या नेतृत्वाखाली झाली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णाला शस्त्रक्रियागृहातून बाहेर नेण्यापूर्वी अशा तीन टप्प्यांत ती वाचली जाते. तिसऱ्या टप्प्यात साधने, मॉप व सुयांची मोजणी पूर्ण झाल्याचे परिचारिकेने तोंडी सांगणे अपेक्षित असते. नवी दिल्लीसह जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत या सूचीची चाचणी झाली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यावर आणि गंभीर गुंतागुंतींचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. भारतात केंद्र शासनाने डिसेंबर २०१७ मध्ये सुरू केलेल्या 'लक्ष्य' कार्यक्रमाद्वारे शासकीय प्रसूतिगृहे आणि प्रसूती शस्त्रक्रियागृहांच्या गुणवत्तेचे मूल्यमापन केले जाते.

संबंधित प्रकार

विसरलेला स्टेंट: मूतखड्याच्या शस्त्रक्रियेनंतर मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत 'डीजे स्टेंट' ही नळी तात्पुरती ठेवली जाते. ती मुद्दाम ठेवलेली असली तरी ठरलेल्या मुदतीत, सहसा काही आठवडे ते काही महिन्यांत, काढावी किंवा बदलावी लागते. वेदना थांबल्यामुळे रुग्ण परत न आल्यास नळीवर क्षार साचतात, ती तुटते, जंतुसंसर्ग होतो आणि काही वेळा मूत्रपिंड निकामी होते.

सरकलेली तांबी: गर्भनिरोधनासाठी बसवलेली तांबी क्वचित गर्भाशयाची भिंत छेदून पोटाच्या पोकळीत जाते. तांबीचा दोरा हाताला लागत नसल्यास ती आपोआप पडली असे गृहीत न धरता सोनोग्राफी आणि आवश्यक असल्यास एक्स-रे काढावा लागतो.

तारा व नळ्यांचे तुकडे: मोठ्या शिरेत नळी घालताना वापरलेली तार किंवा जखमेतील स्राव वाहून नेणाऱ्या नळीचा तुकडा आत राहू शकतो. काढलेली नळी अखंड आहे का, हे पाहून नोंदवणे हा त्यावरील सोपा उपाय आहे.

मराठवाड्यातील संदर्भ

नांदेड येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूर येथील विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आणि अंबाजोगाई येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही या भागातील प्रमुख शासकीय केंद्रे आहेत. गुंतागुंतीचे रुग्ण ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांतून येथे पाठवले जातात. किनवट आणि माहूर यांसारख्या तालुक्यांपासून नांदेड शहर शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. देगलूर, उदगीर आणि परिसरातील रुग्ण उपचारांसाठी बिदर व हैदराबाद येथेही जातात. शस्त्रक्रिया एका ठिकाणी, टाके काढणे दुसऱ्या ठिकाणी आणि पुढील तपासणी तिसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यात होते, तेव्हा रुग्णाजवळची कागदपत्रे हाच या तिन्हींमधील एकमेव दुवा उरतो.

हंगामी स्थलांतरामुळे हा प्रश्न अधिक तीव्र होतो. मराठवाड्यातील ऊसतोड कामगार वर्षातील अनेक महिने पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात असतात. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची पाहणी केली. तेव्हा ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ महिलांची गर्भाशये काढण्यात आल्याचे आढळले. ही आकडेवारी शरीरात राहिलेल्या वस्तूंविषयी नाही. मात्र पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या आणि सतत गाव बदलणाऱ्या महिलांची संख्या किती मोठी आहे, हे तिच्यावरून कळते. अशा रुग्णाच्या पोटदुखीची तपासणी करताना जुन्या शस्त्रक्रियेची चौकशी विशेष महत्त्वाची ठरते.

अच्युतराव खोडवा खटला

१० जुलै १९६३ रोजी एक महिला औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) येथील शासकीय रुग्णालयात प्रसूतीसाठी दाखल झाली. हे रुग्णालय तेथील वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न होते. त्याच दिवशी तिला मुलगा झाला. १३ जुलै रोजी तिच्यावर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करण्यात आली. त्यानंतर तिला तीव्र ताप आणि असह्य वेदना सुरू झाल्या. १९ जुलै रोजी दुसऱ्या शल्यचिकित्सकाने पोट पुन्हा उघडले, तेव्हा आत मॉप राहिल्याचे आणि पू साचल्याचे आढळले. २४ जुलै रोजी तिचा मृत्यू झाला.

पती व मुलांनी नुकसानभरपाईसाठी दावा दाखल केला. औरंगाबादच्या दिवाणी न्यायालयाने ३६,००० रुपये मंजूर केले. मुंबई उच्च न्यायालयाने हा निर्णय शासनाच्या बाबतीत फिरवला. अखेरीस २० फेब्रुवारी १९९६ रोजी, घटनेनंतर सुमारे साडेबत्तीस वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायालयाचा निर्णय पुन्हा कायम केला. या निकालातून पुढील तत्त्वे दृढ झाली:

• डॉक्टरांचे कौशल्य कमी-अधिक असू शकते आणि एका आजारावर उपचाराचे अनेक मान्य मार्ग असू शकतात. त्यांपैकी एक योग्य काळजीने निवडला असल्यास तो केवळ अपयशी ठरला म्हणून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही.
• पोटात मॉप राहणे ही घटना मात्र स्वतःच निष्काळजीपणा दर्शवते. अशा प्रकरणी काळजी घेतली होती हे दाखवण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्यांवर येते.
• रुग्णालय चालवणे हे शासनाचे कल्याणकारी कार्य आहे. ते सार्वभौम कार्य असल्याचे सांगून शासनाला आपल्या कर्मचाऱ्यांच्या चुकीची जबाबदारी टाळता येत नाही.

मुदतीचा प्रश्न आणि श्रीखंडे खटला

ग्राहक आयोगात तक्रार करण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे. शरीरातील वस्तू अनेक वर्षांनी सापडल्यास ही दोन वर्षे केव्हापासून मोजावीत, हा प्रश्न व्ही. एन. श्रीखंडे विरुद्ध अनिता सेना फर्नांडिस या खटल्यात पुढे आला. गोव्यातील शासकीय सेवेत असलेल्या एका परिचारिकेवर नोव्हेंबर १९९३ मध्ये मुंबईत पित्ताशयातील खड्यांची शस्त्रक्रिया झाली. ऑक्टोबर २००२ मध्ये झालेल्या दुसऱ्या शस्त्रक्रियेत पोटातून गॉज काढण्यात आल्याचे तिचे म्हणणे होते. तिने ऑक्टोबर २००४ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे तक्रार केली.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१० मध्ये दिलेल्या निकालात सर्वसाधारण तत्त्व स्पष्ट केले. दुष्परिणाम उघड असल्यास मुदत त्या कृतीच्या दिवसापासून सुरू होते. दुष्परिणाम सुप्त असल्यास रुग्णाला तो समजल्याच्या दिवसापासून, किंवा योग्य तत्परता दाखवल्यास तो समजू शकला असता त्या दिवसापासून ती मोजली जाते. या प्रकरणात तक्रारदार स्वतः अनुभवी परिचारिका होती आणि शस्त्रक्रियेनंतर तिला सतत त्रास होत होता. तरीही तिने शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांशी संपर्क साधला नाही किंवा आवश्यक तपासण्या केल्या नाहीत, असे नमूद करून न्यायालयाने तक्रार मुदतबाह्य ठरवली. त्यामुळे दुखणे अंगावर काढण्याचा परिणाम आरोग्यावर होतो, तसाच कायदेशीर हक्कावरही होऊ शकतो.

सद्यःकालीन कायदेशीर तरतुदी

ग्राहक संरक्षण: इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता (१९९५) या निकालाने शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आली. जेथे सर्वच रुग्णांवर पूर्णपणे मोफत उपचार होतात, अशी रुग्णालये त्यातून वगळण्यात आली. त्यांच्या बाबतीत दिवाणी दाव्याचा मार्ग खुला राहतो. सध्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ लागू असून नांदेड आणि लातूर येथे जिल्हा आयोग आहेत. विलंबाचे सबळ कारण पटल्यास आयोग दोन वर्षांनंतरही तक्रार दाखल करून घेऊ शकतो.

फौजदारी जबाबदारी: जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य (२००५) या निकालानुसार डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी अतिशय गंभीर स्वरूपाचा निष्काळजीपणा आवश्यक असतो. तत्पूर्वी स्वतंत्र वैद्यकीय तज्ज्ञाचे मत घेणे अपेक्षित असते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लागू आहे. त्यानुसार वैद्यकीय प्रक्रियेतील निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाला दोन वर्षांपर्यंत कारावास व दंडाची शिक्षा होऊ शकते. व्यावसायिक वर्तनाविषयीच्या तक्रारी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे करता येतात.

वैद्यकीय कागदपत्रे: २००२ च्या वैद्यकीय आचारसंहिता विनियमांनुसार आंतररुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जतन करणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास ती ७२ तासांत द्यावी लागतात. शासकीय रुग्णालयातील कागदपत्रे माहिती अधिकार अधिनियम, २००५ अन्वयेही मागता येतात. शरीरातील वस्तू तीन वर्षांहून अधिक काळ लक्षणांविना राहू शकते. तोपर्यंत मूळ रुग्णालयातील नोंदी नष्ट झालेल्या असू शकतात. या कारणामुळे शस्त्रक्रियेचा तपशील असलेले डिस्चार्ज कार्ड, सोनोग्राफी व एक्स-रे अहवाल आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेत काढलेल्या वस्तूची लेखी नोंद यांच्या प्रती रुग्णाने स्वतःजवळ कायम ठेवणे महत्त्वाचे ठरते.

हेही पहा

• शस्त्रक्रिया
• रुग्णसुरक्षा
• उदरावरणदाह
• सेप्सिस
• वैद्यकीय निष्काळजीपणा
• ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९
• अतुल गावंडे